नाना खांबेट्यांचं अंडं

नाना खांबेटे रोज सकाळी आमच्या घरी अंड्याला किल्ली द्यायला येत.

हे मी कुणाला सांगितलं की तो माणूस आधी माझ्या प्रकृतीची चौकशी करतो, म्हणून लगेच खुलासा करतो. अंडं चांदीचं होतं. चांदीवर गडद निळा मिना, मिन्यावर सोनेरी वेलबुट्टी, खाली तीन चिमुकले पाय आणि पोटावर रुपयाएवढी पांढरी तबकडी. म्हणजे ते टेबलावर ठेवायचं घड्याळ होतं. रशियात बनलेलं, तेही तिथे राजा होता त्या काळात. मालक नाना खांबेटे. मुक्काम मात्र आमच्या पुढच्या खोलीत, रेडिओच्या शेजारी. कारण नानांच्या घरात अंडं चालत नव्हतं आणि आमच्या घरात सर्रास चालत होतं.

"तुमच्याकडे टोपलीभर असतात, कर्णिक. त्यात हे एक," पहिल्यांदा ते घेऊन आले तेव्हा नाना म्हणाले. "आणि हे आपल्यात राहू द्या."

"हे आपल्यात राहू द्या" हे नानांचं पालुपद. भेंडी महागली, हे आपल्यात राहू द्या. उद्या एकादशी, हे आपल्यात राहू द्या. मान जरा पुढे, आवाज खाली आणि डोळे दाराकडे. त्यांनी मला सांगितलेली सगळी गुपितं मी आजवर पोटात ठेवली आहेत. त्यासाठी काही कष्ट पडले नाहीत, कारण ती आधीपासूनच सगळ्या गल्लीला माहीत असत.

आम्ही तेव्हा अंधेरीला, आंबोलीच्या बाजूला राहत होतो. स्वातंत्र्य मिळून तीनचार वर्षं झाली होती. एक बैठी बंगली, मधे अंगण, अंगणात विहीर. विहिरीच्या अलीकडे आमच्या दोन खोल्या, पलीकडे नानांच्या. अलीकडे मी, माझी बायको मालती आणि मुलगी बेबी. पलीकडे नाना आणि त्यांची थोरली बहीण आक्का. नानांच्या पत्नी, ज्यांना आम्ही काकू म्हणत असू, त्या घड्याळ येण्याच्या आदल्या वर्षी गेल्या. मूलबाळ नव्हतं. आक्का लहानपणीच विधवा झालेल्या, आणि त्यांचं सोवळं असं की कावळासुद्धा त्यांच्या कट्ट्यावर बसण्याआधी पाय पुसत असावा. आम्ही अंडी खाणारे, त्यामुळे आक्का आमच्याशी बोलत त्या विहिरीच्या पलीकडून. बोलत मात्र गोड.

नाना फोर्टातल्या एका विलायती आगबोट कंपनीत हेडक्लार्क होते. साहेब लोकांनी गाशा गुंडाळायला सुरुवात केली तेव्हा नानांचा साहेबही निघाला. जाताना त्याने बंगल्यावर सगळ्या जुन्या कारकुनांना बोलावलं आणि आठवण म्हणून प्रत्येकाने एकेक वस्तू उचलावी असं सांगितलं. कुणी पंखा उचलला, कुणी आरामखुर्ची. एकाने साहेबाचा कमोड उचलला आणि पुढे बरीच वर्षं तो त्यात तुळस लावत असे. नानांनी हे अंडं उचललं. का, तर बाकीच्या वस्तूंना हातगाडी करावी लागली असती आणि हे छत्रीत मावत होतं.

ते घरी आलं तो दिवस नेमका श्रावणी सोमवारचा. नानांनी अंडं छत्रीतून काढून टेबलावर ठेवलं आणि ते पाय धुवायला विहिरीवर गेले. आक्कांची पूजा राहिली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, चष्मा नेहमीप्रमाणे हरवलेला. त्यांना टेबलावर काय दिसलं, तर निळासावळा, गुळगुळीत, लांबट गोल दगड आणि त्यावर गंधाचा पांढरा टिळा. आक्का कित्येक वर्षं भावाच्या मागे लागल्या होत्या की नर्मदेच्या पात्रातून महादेवाचा बाण आण. बाण म्हणजे तोच, नदीत घासून गुळगुळीत झालेला गोटा, लोक देव्हाऱ्यात ठेवतात तो. बायको गेल्यावर का होईना, आपल्या भावाला, गजूला, देवाची आठवण झाली, असं त्यांना वाटलं. त्यांनी अंडं ताम्हनात ठेवलं आणि त्यावर दूध घातलं, दही घातलं, तूप घातलं, मध घातला, साखर घातली.

नाना ओल्या पायांनी आत आले तेव्हा आक्का ताम्हनाशी कान लावून बसल्या होत्या. डोळ्यांत पाणी होतं. "गजू," त्या म्हणाल्या, "जागृत आहे रे. ठोके पडताहेत."

"आक्का, ते घड्याळ आहे," नाना म्हणाले.

"असल्या आकाराचं कसलं घड्याळ?"

नानांना बहिणीशी खोटं बोलायची सवय नव्हती. "अंड्याच्या," ते म्हणाले.

पुढचं आम्ही अलीकडून ऐकलं. आक्कांनी पुन्हा स्नान केलं, देव्हारा धुतला, दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून उपास केला. आणि त्या सोमवारी संध्याकाळीच धोतराच्या सोग्यात पंचामृत गळणारं अंडं घेऊन नाना आमच्या दारात उभे राहिले.

स्टेशनजवळच्या घड्याळजीने ते उघडलं. घड्याळातून झुरळं काढली आहेत, साखर प्रथमच काढतोय, असं तो म्हणाला. त्याने सगळं धुऊनपुसून दिलं, पण नानांच्या मते कुठल्यातरी एका चाकात मध राहून गेला, आणि त्या दिवसापासून घड्याळ मागे पडू लागलं. नानांनी त्याचं शास्त्रही बसवलं होतं. उन्हाळ्यात मध पातळ होतो, तेव्हा ते बरोबर चालतं. थंडीत मध घट्ट होतो, तेव्हा ते रेंगाळतं. अंधेरीत थंडी पडते हे मला त्या घड्याळामुळे कळलं.

पण घड्याळ चुकतं असं त्यांना म्हणायची सोय नव्हती. सांताक्रूझला उतरणारं एक विमान रोज सकाळी आमच्या कौलांवरून जाई. नाना तबकडीकडे बघत, वर बघत आणि म्हणत, "आजही लवकर आलं. हवाई लोकांना शिस्त नाही." आमच्या बेबीला त्यांनीच त्या तबकडीवर घड्याळ बघायला शिकवलं. ती शाळेत उशिरा पोचली आणि बाईंनी कारण विचारलं तेव्हा तिने "मध" असं उत्तर दिलं. बाईंनी मालतीला भेटायला बोलावून घेतलं.

आता किल्ली देण्याचा विधी. नाना स्नान करून, पंचा नेसून, उघड्या अंगाने येत. किल्ली जानव्याला बांधलेली. ती सोडायची नाही असा नियम, त्यामुळे किल्ली द्यायची तर त्यांना छाती पार टेबलाला टेकवावी लागे. गाल अंड्यावर, एक डोळा मिटलेला, आणि किल्ली अगदी सावकाश फिरवायची. बघणाऱ्याला वाटे की डॉक्टर रोग्याला तपासताहेत. दोनतीन वळसे झाले की ते थांबत.

"बस एवढंच?" मी एकदा विचारलं.

"जास्त दिली तर आतली स्प्रिंग तुटते. आणि रोज दिली नाही तर मरतं," नाना म्हणाले. "रशियन माल आहे, कर्णिक. फार नाजूक."

हा विधी मिनिटभराचा. त्यानंतर नाना माझ्या खुर्चीत बसत आणि माझं वर्तमानपत्र उघडत. मला ऑफिसला जायची घाई, हातात चहा, आणि समोर माझंच वर्तमानपत्र नानांच्या हातात. मी मूळचा शांत माणूस, पण सकाळचं ताजं वर्तमानपत्र दुसऱ्याने आधी उलगडलं की माझं डोकं फिरतं. नाना त्यातली फक्त रशियाची बातमी वाचत आणि तीही मोठ्याने. "आपल्याकडे यंदा गहू बरा आलाय," असं ते म्हणत. आपल्याकडे म्हणजे युक्रेनमध्ये. अंडं घरात आल्यापासून ते त्या देशाचे व्याही झाले होते.

रशियाने आकाशात तो कृत्रिम चंद्र सोडला त्या दिवशी तर नानांनी गल्लीत पेढे वाटले. लोक अभिनंदन करत आणि ते हात जोडून स्वीकारत. "आमचं घड्याळ बघा ना," ते सांगत, "एवढा मध पिऊन चालतंय. त्या लोकांना चंद्र काय मोठा?" त्या घड्याळाचं कुळही वर्षागणिक चढत गेलं. आलं तेव्हा ते कुणा रशियन कप्तानाचं होतं. दोन वर्षांनी एका सरदाराचं झालं. पेढ्यांच्या दिवशी ते खुद्द राजाच्या उशाशी जाऊन पोचलं होतं. माझे मेहुणे एकदा म्हणाले, नाना, म्युझियमवाल्यांना दाखवा, ते मोठ्या सन्मानाने घेतील. नाना चिडले. "म्युझियममध्ये ठेवतील," ते म्हणाले, "पण रोज सकाळी आत सोडतील का?"

खाण्यापिण्याचा प्रश्न त्यांनी हळूहळू सोडवला. पहिल्या वर्षी आमच्याकडचं पाणीसुद्धा नको. मग चहा चालू लागला, कारण तो उकळलेला असतो. मग चहाबरोबर बिस्किटं, कारण ती डब्यातली. मग पोहे, कारण पोहे म्हणजे काही जेवण नव्हे. अंड्याला मात्र तोंड लावलं नाही. पण आत स्वयंपाकघरात ऑम्लेट चाललं की ते खुर्चीतून सूचना करत.

"वहिनी, कांदा जरा लालसर होऊ द्या." किंवा, "मीठ कमी पडलंय हो. वासावरून कळतं."

आणि खरंच कमी पडलेलं असे.

सगळं झालं की पंचा झटकून उठत आणि उसासा टाकत. "चला, आता घरी जाऊन पुन्हा स्नान. अंड्याला शिवून आल्यावर आक्का उंबरा ओलांडू देत नाही. फार कडक आहे ती." आम्हाला वाईट वाटे. एवढा वयस्क माणूस, आणि बहिणीच्या धाकापायी रोज दोनदा अंघोळ. मालती तर आक्कांवर मनातून रागावलेली होती.

गावठाणातला इनास आम्हाला अंडी आणून देई. ख्रिस्ती, बोलायला मोकळा, घरी कोंबड्यांचं मोठं खटलं. तो आला की टोपली खाली ठेवून पहिल्यांदा नानांच्या अंड्याला हात जोडी. "नाना, ही चेष्टेची वस्तू नाय," तो एकदा म्हणाला. "आमच्या इस्टरला अंडं लागतंच. देव थडग्यातून उठला त्याची खूण हाय ती. हे कुणीतरी इस्टरला बक्षीस दिलेलं असणार."

नाना हादरले. अंडं ते अंडं, वर ख्रिस्ती. "इनास," ते म्हणाले, "हे आक्काच्या कानावर जाऊ देऊ नकोस. आपल्यात राहू दे."

एका पावसाळ्यात नाना तापाने आडवे झाले. चारपाच दिवस आले नाहीत. मी माझं वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि ते मला काहीसं बेचव लागलं. गंमत म्हणजे घड्याळ चालूच होतं. नाना बरे होऊन आले तेव्हा मी हे त्यांना सांगितलं. त्यांनी अंड्याला एकदा कान लावला. मग म्हणाले, "आधीची शिल्लक असेल," आणि घाईघाईने रशियाची बातमी शोधू लागले.

अशी वर्षं गेली. नाना नोकरीतून निवृत्त झाले. आधी ते सकाळी येत, आता संध्याकाळीही घड्याळाची तब्येत बघायला येऊ लागले. आणि मग आम्हाला कांदिवलीला सोसायटीत ब्लॉक मिळाला.

मी ही बातमी नानांना सांगितली तेव्हा ते किल्ली देत होते. गाल अंड्यावरच होता. तो त्यांनी उचलला नाही. "कांदिवली," ते म्हणाले. "तिकडे हवा चांगली आहे म्हणतात." त्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्र उघडलं नाही. पोहेही अर्धे टाकले.

दुसऱ्या दिवसापासून ते अंड्यासाठी नवं घर शोधायला लागले. अटी दोनच. घर अंडी खाणारं हवं आणि हाकेच्या अंतरावर हवं. समोरच्या पंजाबी कुटुंबाला चालत होतं, पण तिथे रेडिओ इतका मोठा लावत की घड्याळाला स्वतःचे ठोके ऐकू येणार नाहीत, असं नानांचं म्हणणं. मागच्या गल्लीत फिल्म स्टुडिओत मेकअप करणारा एक एकटा गृहस्थ राहत होता. "त्याला अंडं चालतं," नाना म्हणाले, "पण सकाळ चालत नाही. दुपारी उठतो." राहता राहिला इनास. तो आनंदाने तयार झाला. घरातल्या आल्तारावर, म्हणजे त्यांच्या देव्हाऱ्यावर, सगळ्या संतांच्या मधोमध ठेवतो म्हणाला. नाना जागा बघून परत आले ते चिंतेत.

"घरभर कोंबड्या फिरतात हो. एखादी त्यावर बसली तर?"

इनास तिथेच होता. "बसली तर बसू द्या ना," तो म्हणाला. "मनगटी घड्याळं निघतील."

नाना हसले नाहीत. नानांना विनोद कळत नसे असं नाही. त्या दिवसांत ते दाढीही वेळेवर करत नव्हते, विमान लवकर आलं तरी वर बघत नव्हते. मालतीला ते बघवेना. "तुम्ही जा आणि आक्कांशी सरळ बोला," ती मला म्हणाली. "एका घड्याळापायी त्यांनी भावाला किती छळायचं? आता ते घड्याळ कुठे जाणार? आणि तेच गेलं तर नाना काय करणार?"

म्हणून नाना बाजारात गेलेले बघून मी विहीर ओलांडली. एवढ्या वर्षांत त्या बाजूला मी फारसा गेलो नव्हतो. आक्का ओटीवर वाती वळत बसल्या होत्या. मी उभ्यानेच, ऑफिसात वरिष्ठांपुढे मांडतात तसं, प्रकरण मांडलं. चांदीला विटाळ नसतो. आकार ही बघणाऱ्याची समजूत असते. शिवाय तुम्ही त्याच्यावर एकदा अभिषेक केलेला आहे, म्हणजे ते या घरातलं शुद्धच म्हणायचं. हा शेवटचा मुद्दा मला फार आवडला होता.

आक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बसा. चहा टाकते."

"तुमच्याकडे? मी?"

"बसा हो. ते अंड्याचं घड्याळच म्हणताय ना? अहो, मी केव्हाच घेऊन ये म्हणाले त्याला."

मी बसलो.

"पहिले आठपंधरा दिवस राग होता. नाही म्हणत नाही," आक्का म्हणाल्या. "मग वाटलं, सोन्यासारखा भाऊ, एक वस्तू हौसेने आणली. मीच चष्मा न लावता पूजेला बसले, त्याचा काय दोष? जागासुद्धा करून ठेवली. या, दाखवते."

आतल्या खोलीत, देव्हाऱ्यापासून जरा बाजूला, एक कोनाडा होता. त्यात क्रोशाने विणलेला पांढरा रुमाल अंथरलेला. बाकी कोनाडा रिकामा. रुमालाला नीळ दिलेली, कडेच्या पाकळ्या इस्त्री केल्यासारख्या. कितीदा धुऊन पुन्हा अंथरला असेल कोण जाणे.

"गजू म्हणाला, इथे ऊन येतं, मिना उडेल. म्हणून मी पलीकडचा कोनाडा रिकामा केला. तर म्हणाला, तिथे ओल येते. मग म्हणाला, कर्णिकांची बेबी घड्याळ शिकतेय, मधेच कसं आणू? मी विचारायचं सोडून दिलं."

"पण ते म्हणतात, तुम्ही त्यांना रोज दुसऱ्यांदा स्नान करायला लावता."

आक्का प्रथमच हसल्या. "मी? एकदाच कसंबसं करतो तो. पाणी गार लागतं म्हणून."

मग त्यांचा आवाज खाली आला. "तुमची काकू गेली ना, तेव्हापासून या घरात बोलणं राहिलं नव्हतं हो. तो ऑफिसातून यायचा, जेवायचा, भिंतीकडे तोंड करून पडायचा. मी काय बोलणार त्याच्याशी? जन्म चुलीपाशी आणि देवापाशी गेला. तुमच्याकडे जायला लागला तसा माणसात आला. घरी आला की मला सगळं सांगतो. विमान किती लवकर आलं, बेबी काय म्हणाली, वहिनींचं मीठ कमी पडलं का जास्त. मी वाती वळत ऐकते. दिवसभराची करमणूक तेवढीच. ते घड्याळ या कोनाड्यात येऊन बसलं असतं तर आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो असतो."

चहा आला, तो प्यालो. फार वाईट वाटत होतं, नानांसाठी आणि त्या धुतलेल्या रुमालासाठीही. निघताना आक्का दारापर्यंत आल्या. "तुम्हाला बोलले हे गजूला सांगू नका," त्या म्हणाल्या. मान जरा पुढे, डोळे फाटकाकडे. "आपल्यात राहू द्या."

पालुपद घराण्यातलं होतं.

संध्याकाळी नाना आले तेव्हा मी कपाळाला आठ्या घालून बसलो होतो. "नाना, मी आज आक्कांशी बोललो," मी म्हणालो. नानांचा चेहरा उतरला. "काही उपयोग नाही. त्या ऐकायलाच तयार नाहीत. अंडं घरात येणार नाही म्हणजे नाही. तेव्हा आम्हीच ते कांदिवलीला नेतो. नाइलाज आहे."

नानांनी सुटकेचा इतका मोठा श्वास सोडला की बेबीने वळून बघितलं. "मी म्हटलंच होतं तुम्हाला," ते म्हणाले. "फार कडक आहे ती." आणि त्यांनी माझं वर्तमानपत्र मागितलं. शिळं होतं, तरी त्यांनी त्यातली रशियाची बातमी मोठ्याने वाचली.

निघायच्या दिवशी सकाळी लॉरी आली. खाटा, पेट्या, रेडिओ सगळं चढलं. इनासने कोंबडीच्या पिसांची परडी करून दिली होती, त्यात अंडं बसवून मालतीने ते मांडीवर घेतलं. नाना पंचा नेसून लॉरीपाशी उभे होते. त्यांनी शेवटची किल्ली दिली, लॉरीच्या फळीला छाती टेकवून. मग सरळ उभे राहिले आणि जानव्याची गाठ सोडू लागले. एवढ्या वर्षांत ती किल्ली सुटलेली मी कधी पाहिली नव्हती.

"ही ठेवा," ते म्हणाले. "आता रोज तुम्हालाच द्यायला हवी. सावकाश फिरवा. दोनतीन वळसे, जास्त नको."

"छे, किल्ली नको," मी म्हणालो. "आमच्या हाताला ते वळण नाही. आत मध आहे. काही बिघडलं तर? किल्ली तुमच्याकडेच राहू द्या. तुम्हीच येऊन देत जा."

"मी? कांदिवलीला? रोज?"

"रोज नाही दिली तर मरतं, असं तुम्हीच म्हणता."

नाना किल्लीकडे बघत राहिले. रोज एवढं लांब येणं त्यांच्याच्याने होणार नव्हतं. हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. लॉरीवाला घाई करत होता. तेवढ्यात विहिरीच्या पलीकडून आक्का आल्या. विहीर ओलांडून, आमच्या अंगणातून, थेट लॉरीपर्यंत. त्यांनी क्रोशाचा रुमाल मालतीच्या हातात दिला.

"घड्याळाखाली घाला," त्या म्हणाल्या. "पडूनच आहे कधीचा."

नानांनी रुमाल ओळखला. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. आक्कांकडे पाहिलं नाही. आक्काही मोठ्या लक्षपूर्वक लॉरीचं चाक बघत होत्या. मी बेबीला हात देऊन आत चढवायला लागलो, खरं म्हणजे ती केव्हाच आत बसलेली होती.

थोड्या वेळाने नानांनी किल्ली पुन्हा जानव्याला बांधली. घट्ट, दोन गाठी मारून. मग लॉरीच्या फळीशी येऊन त्यांनी मान जरा पुढे केली आणि आवाज खाली आणला.

"कर्णिक, दर रविवारी आलो तर चालेल? म्हणजे बघा, ते मुळात आठ दिवसांचं घड्याळ आहे. एकदा पुरती किल्ली दिली की आठवडाभर बघायला नको. साहेबाने देतानाच सांगितलं होतं." ते थांबले. "हे आपल्यात राहू द्या."